रोअरिंग बिटमॅप म्हणजे काय? लाखो आयडी कमी जागेत कसे मावतात?

काल आणि आज, दोन्ही दिवशी ॲप उघडणारे यूजर किती? प्रत्येक यूजरचा आयडी हा एक आकडा असतो. त्यामुळे हे काम म्हणजे आकड्यांचे दोन संच जुळवणं. साध्या ॲरेमध्ये एक आकडा ४ बाइट घेतो, म्हणजे १० लाख यूजरसाठी सुमारे ४ एमबी, तेही फक्त एका दिवसाचे. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ही जागा वाचवायला ‘पीजी रोअरिंगबिटमॅप’ हे एक्स्टेन्शन आहे.

हे चालतं कसं?

३२ बिटच्या आकड्याचे दोन भाग होतात. पहिले १६ बिट कप्पा ठरवतात, उरलेले १६ बिट त्या कप्प्यात ठेवले जातात. एका कप्प्यात जास्तीत जास्त ६५,५३६ आकडे बसतात.

- आकडे ४,०९६ पर्यंत: साधी यादी, प्रत्येकी २ बाइट.
- त्याहून जास्त: बिटमॅप. प्रत्येक संभाव्य आकड्यासाठी एक बिट, आहे तर १, नाही तर ०. एकूण ८ केबी.
- सलग आकडे: फक्त सुरुवात आणि लांबी.

४,०९६ च का? कारण ४,०९६ × २ बाइट म्हणजे बरोबर ८ केबी. त्यापुढे यादीपेक्षा बिटमॅप स्वस्त पडतो.

वेग कुठून येतो?

एकाच संचात असलेले कप्पे सरळ वगळले जातात. दोन बिटमॅप जुळवताना प्रोसेसर एकावेळी ६४ बिट तपासू शकतो.

कधी वापरू नये?

आकडे फार विखुरलेले असतील तर फायदा कमी. शिवाय एक आयडी बदलला तरी पोस्टग्रेस अख्खा बिटमॅप नव्याने लिहितो. सतत बदलणाऱ्या डेटासाठी साधं टेबलच बरं!