अल्योना सावचेन्को: तीन जोडीदार, पाच ऑलिम्पिक आणि ०.४३ गुणांनी मिळालेलं सुवर्ण

१५ फेब्रुवारी २०१८. दक्षिण कोरियातल्या प्योंगचांगचं हिवाळी ऑलिम्पिक. ३४ वर्षांची अल्योना सावचेन्को आणि तिचा जोडीदार ब्रुनो मासो रिंकवर उतरले तेव्हा जर्मनीची ही जोडी चौथ्या क्रमांकावर होती. आदल्या दिवशी एका उडीत ब्रुनोने हवेत तीनऐवजी दोनच गिरक्या घेतल्या होत्या. पहिल्या क्रमांकावरची चिनी जोडी तब्बल ५.८० गुणांनी पुढे होती.

अल्योनाचं हे पाचवं ऑलिम्पिक. तोपर्यंत तिच्याकडे दोन कांस्यपदकं होती, सुवर्ण एकही नाही.

पेअर स्केटिंग म्हणजे काय?

फिगर स्केटिंगच्या या प्रकारात एक स्त्री आणि एक पुरुष संगीताच्या तालावर बर्फावर एकत्र स्केटिंग करतात. तो तिला डोक्यावर उचलून धरतो, हवेत फेकतो आणि ती गिरक्या घेत एका पायावर उतरते. स्पर्धा दोन टप्प्यांत होते. आधी छोटा 'शॉर्ट प्रोग्राम', मग मोठा 'फ्री स्केट'. दोन्हींच्या गुणांची बेरीज म्हणजे अंतिम निकाल.

बॅडमिंटनच्या मिश्र दुहेरीत जोडीदार बदलला तर काही महिन्यांत जम बसू शकतो. इथे मात्र एकमेकांची उंची, वजन, उडीची वेळ असं सगळं शरीरात भिनावं लागतं. त्यामुळे जोडी फुटली की करिअर जवळपास शून्यापासून सुरू होतं. अल्योनाने हे पुन्हा पुन्हा केलं.

युक्रेन ते जर्मनी

अल्योनाचा जन्म १९ जानेवारी १९८४ चा, युक्रेनमधल्या ओबुखिव या गावातला. स्तानिस्लाव मोरोझोव्हसोबत ती २००० मध्ये ज्युनिअर विश्वविजेती झाली. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये ही जोडी १५ वी आली. त्यानंतर जोडी फुटली.

नवा जोडीदार मिळाला जर्मनीत. २००३ पासून तिने रॉबिन शोल्कोवीसोबत केमनिट्झ शहरात सराव सुरू केला. प्रशिक्षक होते इंगो श्टॉयर, जे स्वतः १९९८ च्या ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकलेले. २००५ च्या अखेरीस अल्योनाला जर्मन नागरिकत्व मिळालं आणि काही आठवड्यांतच ती ट्युरिन ऑलिम्पिकमध्ये जर्मनीकडून उतरली. तिथे ही जोडी सहावी आली.

पुढची आठ वर्षं मात्र त्यांचीच होती. २००८, २००९, २०११, २०१२ आणि २०१४ अशी पाच विश्वविजेतेपदं आणि चार युरोपियन विजेतेपदं. ऑलिम्पिकमध्ये मात्र २०१० ला कांस्य आणि २०१४ ला पुन्हा कांस्य. सोचीमध्ये कार्यक्रमाच्या शेवटी त्यांनी 'थ्रो ट्रिपल अ‍ॅक्सल' ही अत्यंत अवघड फेक करून पाहिली आणि अल्योना पडली.

तिशीत पुन्हा पहिल्यापासून

सोचीनंतर रॉबिन निवृत्त झाला. अल्योना तेव्हा ३० वर्षांची होती. या खेळात अनेक जण याच वयात थांबतात. तिने तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान असलेल्या फ्रान्सच्या ब्रुनो मासोसोबत नवी जोडी बांधली आणि ओबर्स्टडॉर्फमध्ये अलेक्झांडर क्योनिग यांच्याकडे सराव सुरू केला.

पण अडचण होती कागदपत्रांची. एका देशाकडून खेळलेल्या स्केटरला दुसऱ्या देशाकडून खेळायचं असेल तर जुन्या देशाच्या संघटनेची परवानगी लागते. फ्रान्सची परवानगी यायला २०१५ ची अखेर उजाडली. तोवर या जोडीला फक्त सराव करता येत होता, स्पर्धा नाही.

दुसरा अडथळा नागरिकत्वाचा. जागतिक स्पर्धेत दोघांपैकी एकाचं नागरिकत्व पुरतं, ऑलिम्पिकमध्ये मात्र दोघंही त्याच देशाचे नागरिक असावे लागतात. त्यासाठी ब्रुनोला जर्मन भाषेची परीक्षा पास व्हायची होती आणि पहिल्या प्रयत्नात ते जमलं नाही. जागतिक स्पर्धेत जोडीने २०१६ ला कांस्य आणि २०१७ ला रौप्य जिंकलं, तरी ऑलिम्पिकला जाता येईल का हे ठरलेलं नव्हतं. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये, म्हणजे ऑलिम्पिकला जेमतेम तीन महिने उरले असताना, ब्रुनोला नागरिकत्व मिळालं.

त्या साडेचार मिनिटांत काय झालं?

पुन्हा प्योंगचांगकडे येऊ. फ्री स्केटमध्ये अल्योना आणि ब्रुनोने एकही मोठी चूक केली नाही. त्यांना मिळाले १५९.३१ गुण, तेव्हाचा विश्वविक्रम. एकूण २३५.९०.

पण अजून तीन जोड्या बाकी होत्या. चीनच्या सुइ वेनजिंग आणि हान त्सोंग यांच्याकडून काही चुका झाल्या आणि त्यांची बेरीज २३५.४७ वर थांबली. फरक ०.४३ गुणांचा. पेअर स्केटिंगमध्ये जर्मनीच्या जोडीने याआधी ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं होतं ते १९५२ मध्ये, रिया आणि पाउल फाल्क यांनी.

पुढच्याच महिन्यात मिलानमध्ये या जोडीने जागतिक स्पर्धाही जिंकली, तीही २४५.८४ गुणांच्या तेव्हाच्या विश्वविक्रमासह. अल्योनाचं हे सहावं विश्वविजेतेपद होतं आणि ब्रुनोचं पहिलं.