कानाला लावलेली सळई

कारखान्यातले एखादे यंत्र कुरकुरू लागले की जुना फिटर लांब दांडीचा पेचकस उचलतो, त्याचे टोक बेअरिंगच्या कवचावर टेकवतो आणि मूठ कानापुढच्या हाडाशी दाबून धरतो. तेव्हा बघ्यांपैकी कोणीतरी 'काय डॉक्टरसाहेब, कसं आहे पेशंटचं?' अशी थट्टा केल्यावाचून राहत नाही. ही विद्या वैद्यकाने यंत्रशाळेला दिली, असे या थट्टेत गृहीत धरलेले असते. वंशावळ उलगडून पाहिली, तर देणेकरी वैद्यकच ठरते.

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाच्या मृत्यूनंतर, १७०५ साली, त्याचे लेख ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. घड्याळाच्या चक्रांची हालचाल जशी कानाला उमगते, तशीच देहातील इंद्रियांची, किंबहुना कोणत्याही वस्तूच्या अंतर्भागातील हालचाल तिच्या ध्वनीवरून ओळखता येईल, असा तर्क त्यात त्याने मांडला आहे. म्हणजे अनुमानाचा प्रवास घड्याळाकडून हृदयाकडे झाला. पुढे व्हिएन्नात लिओपोल्ड आउएनब्रुगर याने १७६१ मध्ये रुग्णाची छाती बोटांनी ठोकून रोग ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. हा ग्राझ येथील खानावळवाल्याचा मुलगा. पिपात मद्य कोठवर उरले आहे हे पीप ठोकून पाहण्याची कला तो घरातच शिकला, असे सांगतात. समकालीन वैद्यांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. १८०८ साली पॅरिसचा वैद्य कोर्विझार याने त्याच्या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर केले आणि कोर्विझारचाच शिष्य लाएनेक याने १८१६ मध्ये कागदाची सुरळी छातीला लावून स्टेथोस्कोपची प्रख्यात नलिका सिद्ध केली.

रेल्वेच्या आमदानीत हीच विद्या हातोडी घेऊन फलाटावर उतरली. गाडी उभी असताना तपासनीस एकेका चाकावर ठोका मारीत जाई. बाजारात मडके वाजवून घेणारी गृहिणी जे ऐकते, तेच तो ऐकत असे. निर्दोष चाक खणखणे. तडा गेलेले किंवा ज्याची धाव सैल झाली आहे असे चाक बद्द वाजे. तथापि या हातोडीचे माहात्म्य वाजवीपेक्षा अधिक मानले गेले, असे मला वाटते. १८४२ मध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या गाडीच्या एंजिनाचा आस मोडून पन्नासाहून अधिक माणसे दगावली. आणि आसाचा जो भाग चाकाच्या तुंब्यात दडलेला असतो, तेथील सूक्ष्म तड्याची फिर्याद हातोडीच्या कानी सहसा पोचत नाही.

चालत्या यंत्राची गोष्ट आणखी अवघड, कारण लोखंडातून ध्वनी हवेपेक्षा कितीतरी वेगाने धावतो आणि पंख्याकडचा दोष दूरच्या पत्र्यावर वाजतो. म्हणूनच सळई. ती बोटबोट सरकवीत नेली की आवाज जेथे सर्वांत तीव्र व करकरीत होतो, त्याच्या आसपास मूळ सापडते. विजेच्या मोटारीच्या बाबतीत जाणते फिटर आधी आणखी एक साधी तजवीज करतात. ते वीज तोडतात आणि ऐकत राहतात: गुणगुण त्याच क्षणी थांबली तर दोष विजेच्या बाजूचा, आवाज गतीबरोबर हळूहळू मंदावत गेला तर तो फिरणाऱ्या भागांचा. लाखभर रुपयांच्या उपकरणाआधी हा फुकटचा उपाय करून पाहावा.

दोषाची जागा सळई सांगते. त्याचा प्रकार व तीव्रता सांगायला मोजमाप लागते. अमेरिकेत एका विमा कंपनीचा अभियंता टी. सी. रॅथबोन याने १९३९ साली यंत्राची थरथर कितपत सोसावी आणि कोठून धोका समजावा याचा तक्ता प्रसिद्ध केला. पुढे थरथरीतील निरनिराळ्या कंपनांची फोड करता येऊ लागली, आणि मग गणित सोपे झाले. मिनिटाला १५०० फेरे घेणारा आस सेकंदाला २५ वेळा फिरतो; बेअरिंगमधले छर्रे पिंजऱ्यासह त्याच्या सुमारे चार-दशांश वेगाने फिरतात. छर्रे आठ असतील आणि बाहेरच्या स्थिर कड्यावर खळगा पडला असेल, तर सेकंदाला सुमारे ८० ठोके पडतात. खळगा आतल्या कड्यावर असेल तर सुमारे १२०. गवयाला यात षड्ज-पंचमाचे नाते दिसेल. परंतु खळगा कोवळा असतो तेव्हा खात्याच्या गदारोळात तो पंचम कोणाच्याच कानी पडत नाही, कंपनमापकाला मात्र तो महिनामहिना आधी सापडतो.