प्लेगप्रतिबंधक लस : सातारा–सांगली परिसर

प्लेगच्या जंतूंविरुद्ध शरीरात प्रतिरक्षा निर्माण करण्याचा पश्चिम महाराष्ट्रातील पहिला व्यापक प्रयत्न १८९७ नंतरच्या साथींत झाला. त्या काळी वाळवे, तासगाव व खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच मोडत. सांगली, मिरज, औंध, फलटण ही संस्थाने होती. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले.

मुंबईत १८९६ मध्ये उद्‌भवलेली साथ पुढील वर्षी या भागात पोहोचली. उंदीर पडू लागताच गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहणे, हाच लोकांच्या हाती असलेला उपाय होता आणि तो पुष्कळसा योग्यही होता. कारण ग्रंथिक प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो. फुप्फुस प्लेगाची गोष्ट निराळी. त्यात रोग्याच्या खोकल्यातील तुषारांबरोबर जंतू श्वासावाटे दुसऱ्याच्या शरीरात शिरतात.

व्हाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत आपली लस स्वतःला टोचून घेतली. मांसरसावर तुपाचे थेंब सोडून त्यांच्या आधाराने जंतू वाढविले जात व नंतर ते उष्णतेने मारले जात. मृत जंतूंबरोबरच त्यांनी रसात सोडलेले जंतुविषही लसीत राहावे, असा हाफकिन यांचा हेतू होता. भायखळ्याच्या तुरुंगात लस न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग होऊन ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांनाच रोग झाला व दोघेही वाचले. टोचल्या दिवशीच ज्यांना लक्षणे दिसली, त्यांची गणना मात्र यात नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेक्सांद्र येर्सँ घोड्याचा प्रतिपिंडयुक्त रक्तरस (तयार प्रतिकारक प्रथिने असलेला रक्तातील द्रव) घेऊन मुंबईस आले. त्याचा गुण बेताचाच ठरला. सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे जन्मलेल्या सावित्रीबाई फुले पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने निवर्तल्या.

तपासणीतील जुलमामुळे लोकांचा सरकारी उपायांवरील विश्वास आधीच उडाला होता. त्यात १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल येथे लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष लसीच्या सिद्धांताचा नव्हता, तर एका दूषित बाटलीचा होता. तरीही हाफकिन यांना निलंबित करण्यात आले व १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले.

लसीची खरी उणीव दुसरीच होती. मृत जंतूंची लस ग्रंथिक प्लेगापासून बऱ्यापैकी रक्षण करी, परंतु श्वासावाटे होणाऱ्या संसर्गाविरुद्ध तिचा भरवसा देता येत नसे. प्लेगचा जंतू पोशिंद्याच्या पेशींत घातक प्रथिने सोडतो. या कार्यात ‘व्ही’ नावाच्या प्रतिजनाचा वाटा असून त्याविरुद्धची प्रतिपिंडे उंदरांना फुप्फुस प्लेगापासूनही वाचवितात, असे नंतरच्या प्रयोगांत दिसून आले. जंतूच्या आवरणातील ‘एफ १’ प्रथिनाशी त्याची जोड देऊन नव्या लसी बनविण्यात आल्या. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी व सुरतेस प्लेग पुन्हा दिसला, तेव्हा मुख्य भिस्त टेट्रासायक्लिनसारख्या प्रतिजैविकांवरच होती.