किराळ लागलेलीं गुरें व दुष्काळाचे कागद

जुन्या दप्तरांत अवर्षणाच्या सालीं गुरें मेल्याची नोंद आली म्हणजे ती उपासमारीच्या किंवा सांथीच्या सदरीं टाकून आपण पुढें जातों. आम्हींही तसेंच करीत आलों. परंतु तिसरें एक कारण अशा कागदांत दडलेलें असूं शकतें. तें कोंवळ्या ज्वारीचें विष होय. शेतकरी यास ‘किराळ लागणें’ म्हणतो.

डथी व फुलर यांनीं वायव्य प्रांत व अयोध्या येथील पिकांवरील आपल्या ग्रंथांत (१८८२) नमूद केलें आहे कीं, १८७७ सालीं पाऊस लांबला असतां अर्धवट सुकलेली कोंवळी ज्वारी खाऊन पुष्कळ गुरें दगावलीं. म्हणजे ज्या सालीं चारा नव्हता म्हणून गुरें मेलीं असें आपण लिहितों, त्याच सालीं कांहीं गुरें चारा मिळाला म्हणून मेलीं!

याचा उलगडा १९०२ सालीं झाला. डन्स्टन व हेन्री या रसायनशास्त्रज्ञांनीं मिसर देशांतील कोंवळ्या ज्वारींतून एक द्रव्य वेगळें काढलें व ज्वारीच्या अरबी नांवावरून त्यास ‘धुरिन’ म्हटलें. हें द्रव्य व त्यास फोडणारें किण्व हीं पानांत अलग अलग असतात. पान चावलें जातांच तीं एकत्र येऊन प्रुसिक आम्ल मोकळें होतें. मग रक्तांत प्राणवायु असूनही शरीरास तो वापरतां येत नाहीं. म्हणून अशा जनावराचें रक्त लालभडक दिसतें, व तें कित्येकदां अर्ध्या-एक घटकेंत मरतें. सांथ गांवोगांव पसरते; किराळ त्या शेताच्या बांधापाशीं थांबते.

तेव्हां नोंदींत मिति व थळ आधीं पाहावें. धाटें गुडघाभर असतां पावसानें दिलेली ओढ, किंवा कापणीनंतर फुटलेलें खोडवें, या वेळीं विष अधिक असतें. बरू हें रानगवतही ज्वारीच्याच कुळांतील व तसेंच विषारी. म्हणून जवळ ज्वारीचें शेत नसलें तरी ओढ्याकांठचें रान वगळूं नये. सर्पदंशानेंही जनावर असेंच तडकाफडकीं जातें. पण एकादें, दहा नव्हेत.

ज्वारी फुलोऱ्यावर येईपर्यंत तींत गुरें सोडूं नयेत, भुकेलें जनावर तिच्या बांधानें नेऊं नये, कापलेली वैरण पुरती वाळवूनच घालावी, हें पथ्य आजचे पशुवैद्यही सांगतात. वाळतांना आम्लाचा बराच अंश उडून जातो. सोडियम नायट्राइट व थायोसल्फेट शिरेंतून देण्याचा उपचार आहे खरा, पण वैद्य येईपर्यंत जनावर बहुधा संपलेलें असतें.

ज्यांच्या संग्रहीं पाटील-कुलकर्ण्यांचीं बाडें असतील त्यांनीं श्रावण-भाद्रपदांत एकाच थळीं, एकाच दिवशीं अनेक गुरें मेल्याची नोंद आढळल्यास ती मितीसह नकलून ठेवावी. टंचाईचीं मरणें बहुधा पुढें उन्हाळ्यांत येतात.