आद्यत्वाचा वाद आणि दशावतार

मराठी रंगभूमीचा प्रारंभ विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत सादर केलेल्या ‘सीतास्वयंवरा’पासून मानण्याची प्रथा आहे. तंजावरच्या शहाजीराजांचे (कारकीर्द १६८४–१७१२) ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ पुढे ठेवून या मानाला आव्हान दिले गेले. दशावताराला मात्र या वादात पक्षकार म्हणून स्थान नाही. त्याची गणना ‘पूर्वपीठिके’त होते. श्यामजी नाईक काळे यांनी तो १७२८ मध्ये राजापूरनजीक आडिवरे येथे आणला, असे परंपरा सांगते. परंतु ‘दासबोधा’च्या सहाव्या दशकात स्त्रीवेष घेणाऱ्या दशावतारी खेळियांचा उल्लेख आहे, आणि रामदासांचे निधन १६८१ चे. तेव्हा १७२८ हे फार तर एका स्थळी झालेल्या आगमनाचे वर्ष ठरेल, जन्माचे नव्हे.

अशा वादांची घडण अमेरिकी चित्रकथांच्या इतिहासात अधिक स्पष्ट दिसते. १९५६ च्या ‘शोकेस’च्या चौथ्या अंकात ‘फ्लॅश’ हा जुना महानायक नव्या नावाने आणि नव्या वेषात अवतरला. तेथून तिकडचे ‘रौप्ययुग’ सुरू होते, असे बहुमत आहे. काही अभ्यासक हा मान १९५५ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ २२५ मधील मंगळवासी नायकाला देतात. दोन्ही पक्षांपाशी तारीखवार छापील अंक आहे. खरी अडचण उद्भवते ती सुपरमॅन आणि बॅटमॅन यांच्याबाबत. त्यांचे प्रकाशन मध्यंतरी थांबलेच नव्हते. मग नव्या युगातील त्यांचा पहिला अंक कोणता? जो रंगमंचावरून गेलाच नाही, त्याचा पुनःप्रवेश दाखवता येत नाही.

दशावताराची स्थिती नेमकी हीच आहे. मालवण, कुडाळ, वेंगुर्ले या परिसरातील जत्रांत आजही आडदशावतारात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येऊन जातात; वेद पळवणारा काळ्या वेषातला संकासुर मालवणीत प्रेक्षकांना हसवतो आणि विष्णूच्या हातून मरतो. त्यानंतर आख्यान रंगते. संकासुराचा ‘पहिला प्रयोग’ शोधणे व्यर्थ आहे, कारण संवाद लिहिलेले नसतात आणि परंपरेत खंडही नाही.

लिखित संहितेचा अभाव हे दशावताराला वगळण्याचे कारण सांगितले जाते. हा निकष भाव्यांना लावला तर काय होते? त्यांच्या आरंभीच्या नाटकांत पद्ये रचलेली असत व ती सूत्रधार गाई. पात्रांची भाषणे आयत्या वेळची असत. गणपती-सरस्वतीचे आगमन तेथेही होते. शिवाय १८४२ मध्ये सांगलीत आलेल्या कर्नाटकातील भागवत मंडळींच्या खेळांतूनच भाव्यांना प्रेरणा मिळाली होती. सांगलीचे खरे नावीन्य संस्थानिकाच्या आश्रयात, फिरत्या मंडळीत आणि १८५३ मध्ये मुंबईत झालेल्या तिकिटाच्या खेळांत आहे. ते मोठेच आहे. परंतु ते संस्थात्मक आहे, वाङ्मयीन नव्हे.

म्हणून १८४३ हे व्यावसायिक रंगभूमीचे आरंभवर्ष म्हणावे. नाट्याचे म्हणू नये. केवळ आरंभांची गणती करणारा इतिहास खंडित झालेल्या गोष्टींनाच ओळखतो. पहाटे दहीकाल्याने संपणारा आणि पुढच्या जत्रेत पुन्हा उभा राहणारा खेळ त्याच्या नोंदवहीत बसत नाही. हा दोष त्या खेळाचा नसून नोंदवहीचा आहे.