आज्ञा-अंतःक्षेपण

संगणकाला माहिती म्हणून पुरविलेला मजकूर त्याने आज्ञा समजून अमलात आणावा, अशा रीतीने केलेल्या हल्ल्यास आज्ञा-अंतःक्षेपण म्हणतात. आज्ञावलीकारांच्या साधनांत हा दोष विशेष घातक ठरतो. कारण त्यांच्या संगणकांवर मूळ संहितेबरोबरच इतर यंत्रणांत प्रवेश देणाऱ्या गुप्त किल्ल्याही असतात.

या दोषाचे मूळ जुने आहे. केन टॉम्पसन यांनी १९७१ मध्ये युनिक्स प्रचालन प्रणालीसाठी शेल ही आज्ञा वाचणारी आज्ञावली लिहिली. तीत नाव, पर्याय आणि आज्ञा ही सर्व एकाच ओळीत येतात व अर्धविरामासारखी चिन्हे आज्ञांच्या सीमा ठरवितात. ही सोय युनिक्सचे बळ ठरली. धोकाही तिच्यातच होता. नोव्हेंबर १९८८ मध्ये पसरलेल्या मॉरिस वर्मने सेंडमेल या टपाल-आज्ञावलीतील चाचणीसाठी ठेवलेल्या सोयीचा फायदा घेऊन पत्त्याच्या जागी आज्ञाच धाडली होती.

लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या गिट या आवृत्ति-नियंत्रण साधनाचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. गिटच्या एका भांडारात दुसऱ्या भांडाराचा पत्ता नोंदविता येतो. या पत्त्यातील यजमान संगणकाचे नाव गिट एसएसएच या आज्ञावलीकडे सोपवीत असे. ते नाव संयोगचिन्हाने सुरू झाल्यास एसएसएच त्याला नाव न मानता पर्याय मानी, आणि तिच्या एका पर्यायाने वाटेल ती आज्ञा चालविता येते. त्यामुळे परक्याचे भांडार उपभांडारांसह उतरवून घेणेही धोक्याचे झाले. येथे शेलची खास चिन्हे निष्प्रभ करून भागत नव्हते, कारण चूक शब्द पाडण्यात नसून शब्दाचा अर्थ लावण्यात होती. ऑगस्ट २०१७ मध्ये अशी नावे नाकारण्याची दुरुस्ती झाली. मर्क्युरिअल व सबव्हर्शन या साधनांतही हाच दोष आढळला होता. तरीही ऑक्टोबर २०१८ मध्ये गिटमध्येच, संयोगचिन्हाने सुरू होणाऱ्या उपभांडाराच्या पत्त्यामुळे, जवळजवळ तीच चूक पुन्हा उघडकीस आली. या वेळी असे पत्ते नाकारण्याबरोबरच, पर्याय संपल्याचे दर्शविणारे दुहेरी संयोगचिन्ह पत्त्यापूर्वी घालण्यात आले. हे चिन्ह युनिक्सच्या जगात पूर्वीपासून रूढ होते.

विंडोज प्रणालीत अडचण वेगळी आहे. तेथे नव्या प्रक्रियेला सुटे शब्द न मिळता एक सलग ओळ मिळते व बॅच फाइली ती स्वतःच्या नियमांनी वाचतात. रस्टसारख्या सुरक्षिततेबद्दल ख्यात भाषेच्या प्रमाण ग्रंथालयालाही हे नियम पुरते सांभाळता आले नव्हते, असे एप्रिल २०२४ मध्ये दिसून आले. रस्टच्या १.७७.२ या आवृत्तीपासून, बॅच फाइलीला द्यावयाच्या मजकुराचे निर्धोक रूपांतर शक्य नसल्यास ती चालविली न जाता त्रुटी कळविली जाते.