जुन्या एअरकूल्ड व्हॅनचे इंजिन सकाळी सुरू का होत नाही? : कारणे व निदान

जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीची ‘टाइप २’ ही व्हॅन १९५० साली उत्पादनात आली आणि पुढे ‘कॉम्बी’ या नावाने जगभर परिचित झाली. १९६० व १९७०च्या दशकांत युरोपातून खुष्कीच्या मार्गाने भारतात आलेल्या प्रवाशांबरोबर अशा व्हॅन गोव्याच्या किनाऱ्यापर्यंतही पोचल्या. तिचे इंजिन मागच्या बाजूस असते. चार सिलिंडर दोन-दोन असे परस्परांसमोर आडवे बसवलेले असतात. रेडिएटर किंवा पाणी नसते. पंख्याचा वारा आणि तेल हेच इंजिन थंड ठेवतात. प्रस्तुत लेखात कार्बोरेटर असलेल्या १६०० सीसी इंजिनाचा विचार केला आहे.

‘थंड इंजिन’ म्हणजे रात्रभर उभे राहून बाहेरच्या हवेच्या तापमानाला आलेले इंजिन. त्यासाठी कडाक्याची थंडी असावी लागत नाही. म्हणूनच ही तक्रार आपल्या दमट, उबदार हवेतही आढळते. अशा वेळी कार्बोरेटरचे स्क्रू फिरवण्याची घाई होते. मात्र दोष बहुधा अन्यत्र असतो. इंजिन नेमके कोणत्या टप्प्यावर अडते हे आधी पाहावे.

इंजिन फिरतच नाही किंवा मंद फिरते

बारा व्होल्टची बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. बॅटरी उत्तम असूनही इंजिन जड फिरत असेल तर अर्थिंग तपासावे. गिअरबॉक्स रबरी आधारांवर बसवलेला असल्याने बॉडी आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी विणीची तांब्याची पट्टी आवश्यक ठरते. ती गंजली वा सैल झाली की नवी बॅटरी घालूनही उपयोग होत नाही. १९६७पूर्वीच्या अनेक व्हॅनमध्ये सहा व्होल्टची यंत्रणा होती. तेथे जोडातील थोडासा गंजही जाणवतो.

फिरते, पण पेट घेत नाही

प्रथम ठिणगी पाहावी. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर असावी. ते जळलेले असल्यास बदलावेत. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत आतून ओल धरते आणि वीज प्लगपर्यंत न जाता भलतीकडे वाहते. टोपी कोरड्या फडक्याने पुसून तडे तपासावेत. प्लगच्या वायरी काढल्यास १-४-३-२ हा ज्वलनक्रम सांभाळूनच परत लावाव्यात.

त्यानंतर पेट्रोल. इंजिन बंद असताना एअर फिल्टर काढून ॲक्सिलरेटर हलवावा. कार्बोरेटरच्या गळ्यात पेट्रोलची बारीक धार दिसली पाहिजे. व्हॅन बरेच दिवस उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोल उडून जाते आणि पंपाने ती पुन्हा भरेपर्यंत सेल्फ अधिक वेळ मारावा लागतो.

येथे सावधगिरी हवी. सेल्फ मारताना कार्बोरेटरमध्ये वरून पेट्रोल ओतू नये. ज्वाला उलट येऊ शकते. आज मिळणाऱ्या पेट्रोलमधील इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. या इंजिनाचे आवरण मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असल्याने ते एकदा पेटल्यास आग विझवणे फार कठीण जाते. तडा गेलेली वा मऊ पडलेली नळी त्याच दिवशी बदलावी.

सुरू होऊन लगेच बंद पडते

हे बहुधा चोकचे लक्षण होय. सेल्फ मारण्यापूर्वी ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडावा. त्यामुळे स्वयंचलित चोकची पाकळी मिटते. चावी फिरवताच चोकमधील विद्युत्तार तापू लागते आणि पाकळी हळूहळू उघडते. म्हणून चावी ‘ऑन’ ठेवून बराच वेळ थांबू नये. पाकळी मुळीच मिटत नसल्यास तिचा दांडा अडकला आहे काय, हे पाहावे. आयडल जेटच्या विद्युत्-झडपेची वायर निघाली असल्यासही इंजिन रेसशिवाय टिकत नाही.

इंजिन टिकते, पण काही मिनिटे अडखळते, असे असेल तर कार्बोरेटरखालच्या इनटेक नळीला एक्झॉस्टची ऊब पोचवणारी बारीक नळी काजळीने बुजली असण्याचा संभव असतो.

सर्वांत महत्त्वाचे लक्षण : थंड असता नाठाळ, तापल्यावर शहाणे

वीज, पेट्रोल आणि चोक ठीक असूनही केवळ थंड इंजिन त्रास देत असेल, तर टॅपेट तपासल्यावाचून पुढे जाऊ नये. या इंजिनात सिलिंडर व हेड तापून प्रसरण पावले की टॅपेटची फट वाढते. म्हणजेच इंजिन थंड असताना ती सर्वांत कमी असते. फट नाहीशी झाली असेल तर झडप पूर्ण मिटत नाही, दाब निसटतो आणि मिश्रण पेट घेत नाही. तापल्यावर थोडी फट निर्माण होऊन इंजिन सुरळीत चालू लागते आणि चालक निर्धास्त होतो.

धोका येथेच आहे. झडप आपली उष्णता मुख्यतः बैठकीला टेकूनच बाहेर टाकते. नीट न टेकणारी एक्झॉस्ट झडप जळत जाते. तिचे डोके तुटून सिलिंडरमध्ये पडले तर पिस्टन आणि हेड दोन्ही निकामी होतात.

टॅपेटची फट पूर्ण थंड इंजिनावरच मोजावी. १६०० सीसी इंजिनासाठी ती ०.१५ मिलिमीटर असावी; अन्य इंजिनांसाठी त्यांची पुस्तिका पाहावी. ज्या सिलिंडरची फट मोजायची, त्याच्या दोन्ही झडपा मिटलेल्या असल्या पाहिजेत. फट जुळवल्यानंतर कॉम्प्रेशन गेजने चारही सिलिंडर तपासावेत. एकाच सिलिंडरचा दाब इतरांहून बराच कमी आला, तर झडप वा रिंग खराब झाली असे समजावे.

दर पाच हजार किलोमीटरला टॅपेट तपासण्याची जुनी शिस्त याच कारणाने पडली. मागच्या खेपेस जुळवलेली एखादी फट पुढच्या तपासणीत पुन्हा कमी आढळली, तर झडपेचा दांडा ताणला जात असण्याची वा तिची बैठक खचत असण्याची शक्यता असते. अशा वेळी फट पुन्हा जुळवून लांबच्या प्रवासास निघू नये; हेड उतरवून झडप तपासून घ्यावी.